नागोयाचं तिकीट

उमरग्याच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, संध्याकाळी गेलात तर आडत दुकानांची शटरं खाली आलेली असतात, हमाल हातपाय धुऊन घराकडं निघालेले असतात आणि लिलावाच्या मोठ्या ओट्यावर पोरंपोरी चाकांचे बूट घालून गोल गोल फिरत असतात. मधोमध गळ्यात शिट्टी अडकवून एक काटक, सावळा माणूस उभा असतो. ते आमचे मल्हार सर, आमच्या शाळेतले खेळाचे शिक्षक. मी इंद्रजित, त्याच शाळेत गणित शिकवतो. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी आहेत. त्यामुळं त्यांच्याबाबतीत जे घडलं ते बरंचसं माझ्यासमोर घडलं, आणि त्याआधीचं त्यांनी डबा खाता खाता सांगितलं.

सरांचं घर मेंढपाळाचं. वडील सिदू मेंढरं घेऊन हंगामाप्रमाणं रानोमाळ फिरायचे. कुणाच्या मोकळ्या शेतात कळप बसवायचा, लेंड्यांच्या खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि पुढच्या शिवाराला लागायचं. आई कोंडाबाई घोड्यावर बिऱ्हाड लादून मागं. पोरगं शिकलंच पाहिजे हा कोंडाबाईंचा हट्ट. त्यांनी मल्हारला धाराशिवच्या वसतिगृहात टाकलं. सुट्टी लागली की बाकीची पोरं आपापल्या गावाला जायची. या पोराला आधी एसटी स्टँडवर चौकशी करावी लागायची, की सिदूचा कळप सध्या कुठं उतरलाय.

वसतिगृहात एकच टीव्ही होता, रेक्टरच्या खोलीत. एका हिवाळ्यात रविवारी पोरं क्रिकेट लागेल म्हणून समोर बसली, आणि पडद्यावर भलतंच काही सुरू झालं. पांढऱ्याशुभ्र बर्फावर एक बाई एका पायावर गरगर फिरत होती. फिरता फिरता उडायची, हवेत गिरकी घ्यायची आणि पुन्हा अलगद खाली टेकून मागं मागं सरकत जायची. पोरं कंटाळून उठून गेली. मल्हार बसून राहिला.

“मला काय वाटलं सांगू?” सर एकदा मला म्हणाले. “आमच्याकडं चालणं म्हणजे काम. मेंढरामागं चाला, पाण्याला चाला, बाजाराला चाला. पायानं असं नुसतं देखणंसुद्धा काही करता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.”

त्या खेळाचं नाव फिगर स्केटिंग, हे त्यांना पुष्कळ वर्षांनी समजलं. तोवर ते शिकले होते, आमच्या शाळेत लागले होते, वर्षाराणी वहिनींशी लग्न झालं होतं आणि सिदूबाबा वारल्यावर कोंडाबाई मेंढरं भावकीला देऊन उमरग्यात लेकाकडं राहायला आल्या होत्या.

मग कुणा दात्यानं शाळेला खेळाचं सामान पाठवलं. त्यात चाकांच्या बुटांचं एक खोकं निघालं. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. “इथं कोण घालणार हे? ठेवा अडगळीत,” असं म्हणाले. मल्हार सरांनी ते खोकं सायकलवर बांधून घरी आणलं.

उमरग्यात बर्फ म्हणजे रसवंतीतला आणि लग्नातल्या सरबतातला. पण सरांच्या डोक्यात ती बर्फावरची बाई होती, आणि हातात चाकं आली होती. मैदान खडबडीत, रस्त्यावर ट्रक. सपाट, गुळगुळीत आणि मोठी अशी एकच जागा गावात होती, ती म्हणजे मोंढ्यातला लिलावाचा ओटा. सरांनी बाजार समितीत जाऊन परवानगी काढली. आणि पस्तिशीतला हा माणूस रोज संध्याकाळी तिथं जाऊन पडायला लागला. आडत दुकानांचे मुनीम हिशेब सोडून बघायला यायचे. एखादा सोयाबीनचा दाणा ओट्यावर राहिला असला आणि चाकाखाली आला, की सर आडवे. पहिल्याच वर्षी मनगट मोडलं.

“हात गेला तो गेला,” प्लास्टर बघून वर्षाराणी वहिनी म्हणाल्या. “मान तेवढी जपा.”

पण त्यांनी अडवलं नाही. प्लास्टर निघालं तसे सर पुन्हा ओट्यावर. मोबाइल आले, इंटरनेट आलं, तसे ते बर्फावरच्या खेळाडूंचे व्हिडिओ मंद करून बघायचे आणि चाकांवर जे जमेल ते बसवायचे. हळूहळू पोरं जमली. गुडघ्याला बांधायचं सामान महाग पडायचं, तेव्हा कोंडाबाईंनी जुन्या घोंगड्या फाडून, दुहेरी घड्या घालून, दोरे लावून पट्टे शिवले. ते काळे पट्टे बांधलेली पोरं गावभर “मल्हार सरांची मेंढरं” म्हणून ओळखली जायला लागली. सरांना त्याचा राग आला नाही. उलट ते पोरांना म्हणाले, “मेंढरू कधी एकटं राहत नाही. पडलेल्याला उचलल्याशिवाय कुणी पुढं जायचं नाही.”

अर्पिता तिथं आली ती पाचवीत असताना. तुरोरीच्या वाटेवर तिचे वडील दगडोबा यांची शेती आहे. पोरगी हुशार, पण बोलताना अडखळायची. एका शब्दावर अडकली की मान ताणली जायची, डोळे मिटायचे. वर्गातली पोरं हसायची. हसत नव्हती ती तिचा शब्द स्वतःच पूर्ण करून टाकायची. शिक्षकही घाईत तेच करायचे. त्यामुळं तिनं बोलणंच सोडून दिलं होतं.

ती काही दिवस मोंढ्याच्या फाटकाशी दप्तर घेऊन उभी राहून बघायची. एके दिवशी सर जवळ गेले. “काय पाहिजे, बाळ?”

“म... म... म...”

सर उभे राहिले. मागं हायवेवर ट्रकचे हॉर्न वाजत होते, ओट्यावर पोरं भांडत होती. सरांनी तिचा शब्द उचलला नाही, घड्याळ पाहिलं नाही, मानसुद्धा हलवली नाही.

“म... मला ते घालून बघायचंय.”

“बघ की,” सर म्हणाले, आणि तिच्या मापाचे बूट शोधायला लागले.

दुसऱ्याच दिवशी दगडोबा मोटारसायकल घेऊन हजर. रागावले नव्हते, घाबरले होते. “सर, पोरीच्या जातीला हे कशापाई? एक तर तिला धड बोलता येत न्हाय. त्यात हातपाय मोडून बसली तर पुढं कोन करून घील तिला?”

सर समजावायला लागले. तेवढ्यात कोपऱ्यात पोत्यावर बसून टकळीवर लोकर कातत असलेल्या कोंडाबाईंनी हात थांबवला. त्या रोज तिथं येऊन बसायच्या.

“दगडोबा, हिकडं बग,” त्या म्हणाल्या. “म्या हितं रोज असते. पोरगी पडली तर म्या उचलीन. हात मोडलाच तर तिला म्या न्हाऊ घालीन, म्या भरवीन. तू जा घरला. सोयाबीन काढायला आलंय न्हवं?”

म्हातारीपुढं दगडोबा काय बोलणार? गेले. अर्पिता राहिली.

पुढं ती स्पर्धांना गेली, विभागापर्यंत पोचली, नंबर कधी आला नाही. पण चाकांवर असली की तिची मान ताठ असायची, आणि हळूहळू ती जमिनीवरही तशीच राहायला लागली. अडखळणं गेलं नाही. ती अडखळत बोलायला लागली, एवढंच. आणि लोक थांबून ऐकायला शिकले. बारावीनंतर नर्सिंग केलं. धाराशिवला नोकरी करता करता कळलं की जपानात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला माणसं हवीत, मात्र जपानी भाषेची परीक्षा द्यावी लागते. तिनं ती दिली.

“बाकीच्या पोरी चुकायला लाजायच्या, सर,” तिनं नंतर फोनवर सांगितलं. “मला अडखळायची सवयच होती. म्हणून मी बोलत राहिले.”

ती नागोयाजवळच्या एका वृद्धाश्रमात लागली. दर रविवारी सरांना व्हिडिओ कॉल करायची. आधी कोंडाबाईंशी बोलायची, मग वहिनींशी, शेवटी सरांशी.

कोंडाबाई परवाच्या उन्हाळ्यात गेल्या. वय झालं होतं, झोपेतच गेल्या. सरांनी ओटा पंधरवडाभर बंद ठेवला, मग पुन्हा सुरू केला. पण कोपऱ्यातल्या रिकाम्या पोत्याकडं त्यांची नजर जायची हे आम्हाला दिसत होतं. अर्पिताला ते फोनवरसुद्धा दिसत असावं. त्या जूनमध्ये तिनं विषय काढला.

“सर, डिसेंबरात इथं नागोयात फिगर स्केटिंगची मोठी स्पर्धा आहे. जगातले निवडक खेळाडू येणार आहेत. तुम्ही या.”

सर हसले. “मी? आणि जपानला?”

“तुम्ही आम्हाला एवढी वर्षं बर्फाचा खेळ चाकांवर शिकवला. तुम्ही ब... बर्फ बघितलाय का?”

शेजारून वहिनी म्हणाल्या, “न्हाय बघितला. अर्पिता, तू तिकीट काढ. बाकीचं मी बघते.”

आणि इथून सुरू झालं ते तिकिटाचं प्रकरण.

आम्हाला वाटलं, पैसे भरले की तिकीट मिळत असेल. अर्पितानं सांगितलं, तसं नाही. बघणारे इतके, की तिथं तिकिटांची सोडत निघते. नाव नोंदवायचं आणि नशिबाची वाट बघायची.

“म्हणजे म्हाडाच्या घरासारखं,” मी म्हणालो.

“मग झालंच आपलं काम,” स्टाफरूममधून कुणीतरी बोललं, आणि सगळे हसले. सरही हसले, पण त्या दिवसापासून ते जेवताना फोन पालथा ठेवायचे बंद झाले.

नाव नोंदवायला तिथलाच फोन नंबर लागायचा, आणि एका माणसाला एकदाच नोंदवता यायचं. अर्पितानं आपलं नाव टाकलं. मग ती हे आश्रमातल्या सोबतच्या नर्सशी बोलली. ती म्हणाली, माझंही टाक. सकाळी दिवसापुरत्या येणाऱ्या म्हाताऱ्यांना आणणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरनं विचारलं, कशाबद्दल चाललंय? त्याला सांगितलं. त्यानंही टाकलं. मग एका आजीबाईंचा नातू, मग कपडे धुणारी मावशी, मग स्वयंपाकघरातली मुख्य आचारी. यांच्यापैकी एकालाही उमरगा कुठं आहे हे माहीत नव्हतं. मल्हार सरांचा फोटो तेवढा त्यांनी बघितला होता, मोंढ्यात तुरीच्या पोत्यांसमोर एका पायावर उभे असतानाचा.

सरांना हे कळलं तेव्हा त्यांनी हातातला घास डब्यात ठेवला. “माझ्यासाठी?” ते म्हणाले. “त्यांचं माझ्याकडं काय येणं होतं?”

पहिल्या सोडतीचा निकाल आला. कुणालाच लागलं नाही. अर्पितानं प्रत्येकाला आलेला संदेश मराठीत करून सांगितला: आपण इतक्या आपुलकीनं अर्ज केलात, तरी आम्ही आपली इच्छा पूर्ण करू शकलो नाही, याबद्दल मनापासून क्षमा मागतो.

“नाही म्हणायचं तर असं म्हणावं,” सर म्हणाले. “आपल्या ऑफिसातनं कधी असं ‘नाही’ ऐकलंय का कुणी?” त्यांनी ते वाक्य त्या दिवशी दोनतीनदा म्हणून दाखवलं. पण चेहरा उतरला होता. संध्याकाळी पोरांना नेहमीपेक्षा जास्त पळवलं.

दुसरी सोडत होती पावसाळा सरता सरता. त्या दिवशी दुपारी सर मैदानावर कबड्डीच्या रेघा आखत होते, हात पांढऱ्या फक्कीनं भरलेले. फोन वाजला. तळहात पँटला पुसून त्यांनी उचलला. मी वर्ग सुटून तिथूनच जात होतो. पडद्यावर अर्पिताचा चेहरा, मागं पांढरी भिंत.

“स... स... सर... ल... ल...”

शब्द काही केल्या निघेना. मान ताणली, डोळे मिटले. एवढी अडकलेली मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मला घाबरल्यासारखं झालं. ‘कुणाला काय झालं?’ असं विचारायला मी पुढं वाकलो, तर सरांनी फक्कीचा हात वर करून मला थांबवलं. ते उभे राहिले. शांतपणे, जणू त्यांना दुसरं काही कामच नाही.

“ल... लागलं!” अर्पिता ओरडली. “लागलं सर! मोरीबाईंच्या नावावर लागलं!”

सर खाली मातीत बसले. आखलेल्या रेघेवरच. रेघ पुसली गेली.

मोरीबाई म्हणजे ती मुख्य आचारी. मोरी हे तिकडं आडनाव असतं. घरी जाऊन सरांनी वहिनींना सांगितलं, तेव्हा त्या आनंदानं रडत असतानाच हसायला लागल्या. “काय हो, एवढ्या मोठ्या मनाच्या बाईचं नाव मोरी?” मग स्वतःच कान पकडून देवाजवळ दिवा लावायला गेल्या.

पण तिकिटाचा एक नियम होता. ते दुसऱ्याला देता येत नव्हतं. तिकिटं होती दोन, एक ज्याच्या नावावर लागलं त्याचं आणि एक त्यानं सोबत आणलेल्या माणसाचं, आणि आत जाताना दोघांनी बरोबरच जायचं होतं. म्हणजे मोरीबाई स्वतः गेल्या तरच सर जाऊ शकणार. अर्पिताला बाहेरच थांबावं लागणार.

सर लगेच म्हणाले, “नको. त्या बाईंची सुट्टी माझ्यापायी कशाला? आणि अर्पिता, तू बघणार नसशील तर मी काय करू तिथं? तिकीट तुम्ही दोघी वापरा.”

अर्पितानं हे मोरीबाईंना सांगितलं. त्यांचं उत्तर तिनं जसंच्या तसं कळवलं: “मी नाव टाकलं ते त्या शिक्षकांसाठी. लागलं तेही त्यांच्यासाठीच. ते आले नाहीत तर मीही जाणार नाही. दोन्ही खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर बर्फावर पडणाऱ्या पोरीला टाळ्या कमी पडतील.”

“आणि सर,” अर्पिता पुढं म्हणाली, “मी इथंच राहते. मी परत कधी तरी बघीन. तुम्ही आधी.”

दुसऱ्या दिवशी सर पासपोर्टच्या कामाला धाराशिवला गेले. चौकशीसाठी घरी आलेल्या पोलिसानं विचारलं, “जपानला कशासाठी?”

“खेळ बघायला.”

“क्रिकेट?”

“नाही. बर्फावर नाचतात तो.”

पोलिसानं त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाला, “माझी पोरगी तुमच्याकडं येती, सर. मोंढ्यात. फोटो काढून आणा तेवढे.”

नंतर व्हिसा आला. शाळेनं रजा दिली. आडत्यांनी एक स्वेटर आणून दिला, पोरांनी लोकरीची टोपी. उमरग्याहून हैदराबाद जवळ, म्हणून सर तिथूनच विमानात बसले. मी आणि वहिनी त्यांना बसला बसवायला हायवेवर गेलो होतो. बॅगेत वहिनींनी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी भरली होती. “मोरीबाईंना द्या,” त्यांनी बजावलं. “तुम्हीच खाऊन टाकू नका.”

तिथं काय झालं ते सरांनी परत आल्यावर मला सांगितलं, आणि अजूनही सांगत असतात.

अर्पिता विमानतळावर आली होती. सरांच्या पाया पडली, आणि उठता उठता रडायला लागली. तिच्या शेजारी एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई कमरेत वाकून उभी होती. सरही वाकले. ती आणखी वाकली. सर आणखी. “कोण आधी सरळ होणार हेच कळेना,” सर म्हणाले.

स्पर्धेच्या दिवशी अर्पितानं त्यांना दारापर्यंत सोडलं. आत दोघंच. एकाला जपानी येत नाही, दुसरीला मराठी येत नाही आणि स्केटिंग तर अजिबात कळत नाही. मोरीबाईंनी सरांची बाही धरली आणि लहान पोराला जत्रेतून न्यावं तसं त्यांना गर्दीतून खुर्चीपर्यंत नेलं.

मग सरांनी बर्फ बघितला.

“इंद्रजित सर, टीव्हीवर एक गोष्ट कधीच कळली नव्हती,” ते मला म्हणाले. “आवाज. बर्फाला आवाज असतो. पोरगी वळली की पात्याखाली बर्फ कापला जातो, विळ्यानं ओली वैरण कापताना येतो तसा. मी एवढी वर्षं बघितलं, पण बहिऱ्यासारखं बघितलं. तो आवाज ऐकला आणि मला काही दिसेनासंच झालं. डोळे भरून आले. मोरीबाईंनी पदर... पदर कुठला, रुमाल दिला.”

मग खेळाडू येत गेले. उड्या मारताना मोरीबाई घाबरून सरांचा हात धरायच्या. नीट खाली टेकलं की सोडायच्या. एक मुलगी चांगली आपटली. सगळं सभागृह एकदम श्वास रोखून गप्प झालं. ती उठली, आणि संगीत जिथं पोचलं होतं तिथून पुढं सुरू झाली. तेव्हा जो टाळ्यांचा कडकडाट झाला तसा कुठल्याही चांगल्या उडीला झाला नव्हता. मोरीबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. सरही उठले. “पडून उठल्याला एवढ्या टाळ्या असतात, हे पोरांना दाखवायला पाहिजे होतं,” ते म्हणाले. “मी त्यांना नुसतं सांगत आलो.”

मध्यंतरात मोरीबाईंनी पिशवीतून डबा काढला, भाताचे गोळे, लोणची, एका बाजूला उकडलेल्या भाज्या. सरांनी भाकरी काढली. भाकरीचा तुकडा तोंडात घालून मोरीबाईंनी चटणी चाखली आणि डोळ्यांत पाणी आलं. पण त्यांनी मान हलवून आणखी मागितली. आचारी बाई ती. बोटानं चटणी चिमटून, वास घेऊन, जिभेवर ठेवून त्या आत काय काय आहे हे ओळखायचा प्रयत्न करत राहिल्या. दाणे त्यांनी ओळखले, लसूण ओळखला. दाणे कांडायचे, हे सरांनी मुठीनं मांडीवर आपटून दाखवलं. पुढच्या रांगेतली माणसं मागं वळून हसली.

खेळ संपला, बाहेर अर्पिता थंडीत उभी होती. सर तिला म्हणाले, “यांना सांग...” आणि थांबले. काय सांगायचं ते सुचेना. आभार म्हणावं तर ते फारच छोटं. अर्पिता वाट बघत राहिली. तिनं त्यांना शब्द सुचवला नाही.

शेवटी सर म्हणाले, “यांना सांग, माझी आई असती तर तिनं यांना घरी नेऊन जेवू घातलं असतं.”

अर्पितानं ते जपानीत सांगितलं, सावकाश, अडखळत. मोरीबाईंनी ऐकलं. मग त्या बरंच बोलल्या. अर्पिता मराठीत सांगत गेली: “त्या म्हणतात, या शहरात त्यांचा जन्म गेला. हा रस्ता, ही इमारत त्या रोज बसमधून बघतात. पण आत कधी आल्या नव्हत्या. घर, आश्रमाचं स्वयंपाकघर, पुन्हा घर. आपल्यासाठी म्हणून कुठं जायचं त्यांना कधी सुचलंच नाही. तुम्ही एवढ्या लांबून आलात म्हणून त्यांना आत जाता आलं. त्या तुमचे आभार मानतात.”

आणि त्या पुन्हा कमरेत वाकल्या. या वेळी सर वाकले नाहीत. त्यांनी सरळ खाली बसून, आपल्याकडं थोरामोठ्यांना करतात तसा, त्यांच्या पायांना हात लावून नमस्कार केला. मोरीबाई गोंधळून गेल्या आणि त्यांनी सरांच्या टोपीवर हात ठेवला.

उमरग्याला परत आल्यावर सरांचे पहिले काही दिवस बोलण्यातच गेले. मोंढ्यात पोरं भोवती बसायची, मागं आडते उभे. पोलिसाच्या पोरीला फोटो मिळाले. वहिनींना मोरीबाईंनी दिलेली भांड्याची बारीक कापडी झाकणं मिळाली, ती त्या वापरत नाहीत, पाहुण्यांना दाखवतात.

आणि एका रविवारी सर मला म्हणाले, “चला, दगडोबांकडं जाऊन येऊ. लेकीची खबर द्यायची राहिलीय.”

जानेवारी होता, हुरड्याचे दिवस. दगडोबा आता थकलेत. आम्ही येणार म्हणून त्यांनी रानात आगटी पेटवून ठेवली होती. कणसं भाजली जात होती. सर बसल्या बसल्या त्यांनी पहिलं विचारलं, “पोरगी नीट जेवती का?”

“जेवते. स्वतः करून खाते. वरण-भात करते, आणि मोरीबाई डबा देतात.”

“मोरीबाई?”

सरांनी सगळं सांगितलं. आश्रमातल्या म्हाताऱ्या अर्पिताला हाक मारतात, ती दिसली नाही तर जेवत नाहीत, हेही सांगितलं. ती बोलताना अडकली की तिथं कुणी मध्ये बोलत नाही, कारण तिथली म्हातारी माणसंही सावकाशच बोलतात.

दगडोबा ऐकत राहिले. हुरडा हातावर चोळून त्यातला भुसा फुंकत राहिले. मग म्हणाले, “सर, त्या दिशी म्या तिला न्ह्यायला आलतो मोंढ्यात. तुमच्या मायनं मला परत लावलं. लई उपकार झालं बगा तिचं.”

“माझ्यावर तर तुमच्या लेकीचे झाले,” सर म्हणाले.

दगडोबांनी चोळलेला हुरडा सरांच्या ओंजळीत ओतला. मग आगटीतला निखारा काडीनं सारखा करत विचारलं, “बरं, ते बरफावर पळत्यात ती मानसं घसरून पडत कशी न्हायती ओ?”

“पडतात की,” सर म्हणाले आणि पुढं सरकून बसले. त्यांनी दोन काटक्या घेतल्या, एक पात्यासारखी धरली, आणि पातं बर्फावर आतल्या कडेनं कसं टेकतं, बाहेरच्या कडेनं कसं, हे राखेत रेघा ओढून समजावायला लागले. दगडोबा वाकून बघत होते. मधेच विचारत होते, “व्हय? मग?” आणि सर पुन्हा पहिल्यापासून सांगत होते.